राखून ठेवलेलं पान

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटलं की ठरावबुकांची आणि जुन्या हजेरीपटांची चळत कपाटावरून खाली उतरते. यंदाही उतरली. कोनशिला, वर्गखोल्यांची वाढ, देणगीदारांची यादी, दहावीचे निकाल हे सगळं या अंकात दुसरीकडे कोष्टकांसह आलं आहे. मला संपादक मंडळाने दिलेलं काम निराळं होतं. आपल्या नागापूरच्या शाळेत मुलांनी आणि शिक्षकांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं म्हणून जी धडपड चालते, तिचं मूळ कुठे आहे ते शोध, असं मंडळाने सांगितलं. ते मूळ आपल्या दप्तरात सापडलं नाही. मनमाड रस्त्याने एमआयडीसीकडे पाठ करून शहराच्या दिशेने निघालं, की जे जुनं नगर लागतं तिथे ते सापडलं. आज शहराचं नाव अहिल्यानगर आहे, पण ही गोष्ट अहमदनगरची आहे. आणि जी संस्था मला आपली खरी पूर्वज वाटते ती शाळा नाहीच. ते एक नियतकालिक आहे, जून 1842 मध्ये नगरला निघालेलं ‘ज्ञानोदय’.

तेव्हा मराठीतली नियतकालिकं एका हाताच्या बोटांवर मोजता येत. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ 1832 च्या जानेवारीत निघालं आणि 1840 मध्ये थांबलंही. भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ 1841 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. हा सगळा व्यवहार मुंबईत चालला होता. पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’ निघायला अजून सात वर्षं होती. अशा वेळी घाटावरच्या, किल्ला आणि लष्कराची छावणी एवढीच सरकारदरबारी ओळख असलेल्या नगरातून मराठी नियतकालिक निघावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ते काढलं अमेरिकन मराठी मिशनने. मिशनची माणसं 1831 च्या डिसेंबरात नगरला येऊन राहिली. त्यांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत शाळा काढल्या. ‘ज्ञानोदया’चे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन हे याच मिशनमधले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, तो त्यांनी कधी लपवला नाही आणि आपणही लपवू नये. ‘ज्ञानोदया’ने हिंदू रूढींवर टीका केली, त्या टीकेला ‘प्रभाकर’ आणि इतर पत्रांतून उत्तरं आली, वाद रंगले. त्या वादांत कोणाचं बरोबर होतं हे ठरवण्याची ही जागा नाही. मला दिसतं ते एवढंच, की त्या वादांच्या निमित्ताने मराठी माणूस आपलं म्हणणं क्रमाने, पुराव्याने, समोरच्याला पटेल किंवा निदान बोचेल अशा गद्यात मांडायला शिकत होता. मराठी निबंधाचं वळण पडलं ते असंच, भांडता भांडता.

त्या काळी ‘लिहिणं’ या शब्दाचा अर्थच आजच्याहून वेगळा होता. पंतोजीच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी, कित्ता घोटी, मोडीचं वळण बसवी. पुढे पत्राचे मायने, दस्तऐवजांचे मसुदे आणि जमाखर्च येई. लिहिणं म्हणजे हाताचं वळण, आणि लिहायचं ते दुसऱ्याचं: सावकाराचं, कुलकर्ण्याचं, कचेरीचं. स्वतःला काही सांगायचं आहे म्हणून लेखणी उचलावी, ही कल्पना त्या शाळेत शिरायला वाव नव्हता. हे मी पंतोजींना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. त्यांनी शिकवलेल्या वळणावरच पुढचं सगळं उभं राहिलं. पण वळण आलं म्हणजे लिहिणं आलं हा समज मात्र आपल्याकडे फार खोल रुजला, आणि अजून निघालेला नाही. मी स्वतः लहानपणी ज्या शाळेत शिकलो तिथे ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध गुरुजी फळ्यावर लिहीत आणि आम्ही पन्नास जण तो वहीत उतरवून घेत असू. पन्नास वह्यांत एकच पावसाळा. माझा आवडता ऋतू खरं तर उन्हाळा होता, कारण उन्हाळ्यात आम्ही आजोळी जायचो. ते मी चाळिशीत पहिल्यांदा कागदावर लिहिलं.

काही वर्षांतच ‘ज्ञानोदया’चं ठाणं मुंबईला हललं. मिशनचा मोठा छापखाना तिथे होता. या छापखान्याबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण लिहिणाऱ्याचं धैर्य जुळाऱ्याच्या हातातही असतं हे आपण विसरतो. देवनागरीचे खिळे ओतणं हे फार किचकट काम. काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरं धरली की खिळ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. सुरुवातीचे खिळे मोठे आणि ओबडधोबड होते, त्यामुळे थोड्या मजकुराला पुष्कळ कागद लागे. टॉमस ग्रॅहम यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात या खिळ्यांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आणि ते सुबक व लहान केले. त्याच छापखान्यात काम शिकून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला, आणि जावजी दादाजींनी पुढे 1869 साली ‘निर्णयसागर’ काढला. खिळा लहान झाला म्हणजे त्याच कागदावर जास्त मजकूर मावू लागला. संपादकाच्या लेखानंतरही जागा उरू लागली. पत्राला, खेड्यातल्या बातमीला, शाळेच्या परीक्षेच्या हकिकतीला जागा मिळाली ती अशी.

आता नगरकडे परत येऊ. सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई 1827 च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, 1839 मध्ये नगरला आल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. मधली बावीस-तेवीस वर्षं त्यांनी नगरात मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी या शाळा पाहिल्या आणि त्या पाहून आपल्याला मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली असं पुढे सांगितलं. पुण्यात भिडेवाड्यातली शाळा 1848 ची. सावित्रीबाईंनी शिक्षिका म्हणून जे शिक्षण घेतलं त्यातला एक भाग नगरला फॅरारबाईंच्या हाताखाली घेतला. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षिकेने ही गोष्ट मनाशी धरावी: सावित्रीबाई नगरला विद्यार्थिनी म्हणून आल्या होत्या. शिकवायचं कसं, हे त्या इथे शिकल्या.

1854 साली सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. तेव्हा त्यांचं वय तेवीस. शाळेत जाता-येता अंगावर शेण-चिखल झेलणाऱ्या बाईंनी त्याच दिवसांत कविता लिहिल्या, त्यांचं पुस्तक केलं आणि ते आपल्या नावाने लोकांसमोर ठेवलं. त्यानंतर वर्ष सरतं न सरतं तोच ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेचा निबंध आला.

मुक्ता फुले दांपत्याच्या शाळेतली मुलगी. मांग समाजातली, वय चौदाच्या आसपास. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तिचा निबंध ‘ज्ञानोदया’च्या 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 अशा दोन अंकांत छापून आला. या मुलीने काय लिहावं? ज्यांना वेद ऐकण्याचीही बंदी त्यांचा धर्म कोणता, असा तिने सरळ सवाल केला. पेशवाईत आपल्या माणसांना वाड्यांच्या पायात पुरत, तालमीसमोरून जाण्याचीसुद्धा चोरी होती, हे सांगितलं. बाळंतीण बायकांना डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात काय सोसावं लागतं, ते लिहिलं. आणि शेवटी आपल्याच लोकांना अभ्यास करायला बजावलं. हा निबंध मी कित्येक वेळा वाचला आहे आणि दर वेळी एका गोष्टीपाशी थांबतो. या मुलीने कोणाचा कित्ता गिरवलेला नाही. तिच्यापुढे गिरवण्यासारखा कित्ता नव्हताच. तिच्यासारख्या कुणी त्यापूर्वी असं लिहून छापलेलं तिच्या डोळ्यांसमोर नव्हतं. तरी वाक्यं कशी ठाम आहेत, प्रश्न कसे एकामागून एक येतात, आणि दयेची याचना कुठेही कशी नाही!

हे धैर्य आलं कुठून? दुःख तर तिच्या आईकडेही होतं, आजीकडेही होतं. दुःखाने माणूस लिहिता होत नाही. माझ्या मते दोन गोष्टी जुळून आल्या. तिच्या शाळेतल्या बाई स्वतः लिहीत होत्या. आणि तिच्या वहीतलं पान वर्गाच्या चार भिंतींत न राहता जाऊ शकेल असं छापील पान तयार होतं. 1854 मध्ये शिक्षिकेचं पुस्तक आणि 1855 मध्ये विद्यार्थिनीचा निबंध, हा क्रम मला केवळ योगायोग वाटत नाही. शिकवणारा लिहीत असेल तर मुलाला लिहिणं हे माणसांचं रोजचं काम वाटतं. शिकवणारा फक्त तपासत असेल तर तेच लिहिणं त्याला परीक्षा वाटते.

एक खंत मात्र आहे. मुक्ताचं याखेरीज दुसरं लेखन आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. एका मुलीला एक पान मिळालं आणि त्या एका पानावर ती दीडशेहून अधिक वर्षं जिवंत राहिली. पहिलं पान देणाऱ्या संस्थांनी दुसऱ्या पानाचीही सोय करायला हवी, हे त्यावरून मी शिकलो. बक्षीस देऊन, फोटो काढून मुलाला घरी पाठवणं फार सोपं असतं.

शिक्षकांसाठी म्हणून खास निघालेलं मासिक आलं ते 1861 मध्ये. सरकारी शिक्षण खात्याचं ‘मराठी शालापत्रक’. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याचं संपादन केलं, पुढे ते काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्याकडे आलं. 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करून मराठी गद्याला नवी धार देणाऱ्या विष्णुशास्त्र्यांचा हात आधी या शिक्षकांच्या मासिकात वळला, हे फारसं कुणी सांगत नाही. ‘निबंधमाला’ सुरू झाली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी करत होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मिशनने मुलांसाठीही स्वतंत्र मासिक काढलं, ‘बालबोधमेवा’, 1873 साली. ते पुढे अनेक पिढ्यांनी वाचलं.

नागापुरातून मनमाड रस्ता धरून उलट्या दिशेला, उत्तरेकडे गेलं की राहुरी लागते. आपल्यापैकी पुष्कळांचे सोयरे तिकडे आहेत, रोजची ये-जा आहे. त्या राहुरीत आणि नगरात रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार झाला. टिळक मूळचे शिक्षक, गावोगावी मास्तरकी केलेले. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढचं आयुष्य मुख्यतः नगर जिल्ह्यात काढलं. 1912 पासून 1919 मध्ये निधन होईपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. पण त्यांचं खरं संपादन अंकाच्या बाहेर, घरात चालत असे. दारात येईल तो जेवायला आणि ज्याला चार ओळी सुचतात तो राहायला, असं ते घर. जळगावच्या 1907 च्या कविसंमेलनात ज्या पोरसवदा त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना लोकांनी ‘बालकवी’ म्हणून डोक्यावर घेतलं, ते या घरी राहिले. मोठ्या कवीने धाकट्याला घरात ठेवून घ्यावं, त्याचे लहरीपणाचे खेळ सोसावेत, त्याच्या ओळी ऐकाव्यात, यासारखं लेखनाचं दुसरं शिक्षण नाही. आज आपण ‘कार्यशाळा’ म्हणतो, चहा-नाश्त्यासह दोन दिवसांची. त्यांची कार्यशाळा वर्षानुवर्षं चाले आणि स्वयंपाक लक्ष्मीबाईंना करावा लागे.

आणि या घरातून शेवटी सगळ्यांत मोठं पुस्तक लिहिलं ते त्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंनीच. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळेत त्या गेल्या नाहीत. लग्नानंतर नवऱ्याने घरीच शिकवलं तेवढं शिक्षण, तेही नवऱ्याच्या लहरीप्रमाणे मधूनमधून. टिळकांच्या मागे त्यांनी त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी, 1936 मध्ये, त्या गेल्या.

‘स्मृतिचित्रे’ मी दर वर्षी नववीच्या वर्गाला थोडं थोडं वाचून दाखवतो. मुलांना पहिल्यांदा कळतं ते हे की बाई बोलतात तशा लिहितात. सोवळ्या-ओवळ्याच्या वेडापायी वडिलांनी मांडलेला छळ, नवऱ्याच्या धर्मांतराने कोसळलेलं आभाळ, प्लेगच्या दिवसांतली नगरची छावणी, असे जबर प्रसंग त्या साध्या घरगुती मराठीत सांगतात. अलंकार नाहीत, उपदेश नाही. हसू आणि रडू एकाच वाक्यात येऊन बसतं. ‘भाषा चांगली नाही म्हणून मी लिहीत नाही’ असं जेव्हा एखादा सहकारी शिक्षक मला सांगतो, तेव्हा मी त्याच्या हातात हे पुस्तक देतो. पुढे काही बोलावं लागत नाही.

त्यानंतरचा जिल्ह्याचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज उभं केलं. 1997 मध्ये सत्तरावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ना. सं. इनामदारांच्या अध्यक्षतेखाली नगरला भरलं. पारनेर तालुक्यातल्या जवळ्याचे रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत आणि कादंबऱ्या लिहीत. त्यांच्या ‘ताम्रपट’ला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विज्ञानाचा शिक्षक आहे म्हणून लिहिणं आपलं काम नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे नाव मुद्दाम लिहिलं. अकोले तालुक्यातले शिक्षक हेरंब कुलकर्णी यांनी शाळांतून हिंडून शिक्षणाची जी स्थिती पाहिली ती ‘शाळा आहे शिक्षण नाही’ या पुस्तकात मांडली. नोकरीत असताना आपल्याच क्षेत्राबद्दल स्पष्ट लिहिण्याला छाती लागते.

आता आपल्या शाळेकडे. नागापूर-बोल्हेगावच्या पट्ट्यात राहणारी आपली मुलं बहुतेक कामगारांची. कुणी मराठवाड्यातून आलेलं, कुणी बिहार-उत्तर प्रदेशातून, कुणी जिल्ह्याच्याच पाथर्डी-शेवगाव भागातून. घरात एक बोली, गल्लीत दुसरी, वहीत तिसरी. निबंध लिहा म्हटलं की आमच्या मुलांचे हात गाईडकडे जात. गाईडमध्ये ‘माझे बाबा’ सकाळी फिरायला जातात, वर्तमानपत्र वाचतात आणि रविवारी बागेत नेतात. आमच्या मुलांचे बाबा तीन पाळ्यांत काम करतात. मुलं तरीही बागेतलेच बाबा उतरवून काढत, आणि आम्ही त्यांना दहापैकी आठ गुण देत असू. हे आमचंच चुकत होतं.

बदल केला तो लहानच. शनिवारी शेवटच्या तासाला आधी शिक्षकाने लिहायचं, फळ्यावर, मुलांसमोर, दहा ओळी, स्वतःच्या आयुष्यातल्या. खोडायचं तर तेही मुलांसमोर. पहिल्या शनिवारी गणिताच्या सरांचा हात खडूसकट फळ्यापाशी कितीतरी वेळ थबकला होता. मग त्यांनी पहिल्या पगारातून आईसाठी घेतलेल्या चपलांबद्दल लिहिलं. आईने त्या कधी घातल्याच नाहीत, जपून ठेवल्या. दोन वाक्यं त्यांनी पुसली, एक शब्द मुलांना विचारून बदलला. वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती. त्या दिवशी मुलांनी वह्या उघडल्या तेव्हा गाईड कुणी काढलं नाही.

दुसरा नियम लाल शाईचा. मूल लिहून आणेल ते आधी वाचायचं, त्यात काय सांगितलं आहे त्याबद्दल त्याच्याशी बोलायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या दुसऱ्या खर्ड्यावर बघायचं. शुद्धलेखन आम्ही सोडलेलं नाही. छापायला द्यायच्या आधी प्रत्येक वेलांटी तपासतो, कारण वाचणाऱ्याचा मान राखलाच पाहिजे. फक्त क्रम बदलला. हे जमायला शिक्षकांनाच जास्त वेळ लागला. लाल पेन आपोआप उघडतं, हाताला सवय असते. महिन्याला भित्तिपत्रक, वर्षाला हस्तलिखित अंक, आणि ज्या मुलाचं एकदा छापून आलं त्याला पुढच्या अंकासाठी पुन्हा विचारायचं, हा तिसरा नियम. तो मुक्ता साळवेच्या नावाने आम्ही पाळतो.

आठवीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी वडिलांच्या रात्रपाळीबद्दल लिहिलं. वडील दिवसा झोपतात आणि खोली एकच. म्हणून तिने डब्याचं झाकण आवाज न करता कसं उघडायचं ते शिकून घेतलं, धाकट्या भावाला कडेवर घेऊन दुपारभर जिन्यात कशी बसते ते लिहिलं, आणि रविवारी वडील जागे असले की घरात किती आवाज होतो ते लिहिलं. मी तिला एकच प्रश्न विचारला, झाकणाचा तो आवाज नेमका कसा असतो? दुसऱ्या खर्ड्यात तिने तो आवाज आणला. तिची आई शाळेत आली तेव्हा तो कागद तिने दोनदा वाचला, घडी करून पदराला बांधला आणि मूळ प्रत आम्हाला परत मिळाली नाही. मुलीने तिसऱ्यांदा लिहून दिलं, आणि ते दुसऱ्याहून चांगलं उतरलं.

ते या अंकात आहे. हा लेख संपला की आधी आमच्या शिक्षकांची पानं येतील, गणिताच्या सरांच्या चपलांपासून सुरू होणारी, आणि त्यांच्यामागून मुलांची.